सात सेकंदांचं गाणं आणि रोझली सोबचाक

रोझली सोबचाकला फोनवर बोलायला आवडायचं, एवढंच म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल. चुकून भलत्याच कुणाचा फोन लागला तरी ती त्या माणसाची विचारपूस करायची, त्याच्या दुखऱ्या गुडघ्याला कशाने शेकावं ते सांगायची आणि मगच फोन खाली ठेवायची. नवरा लेन हयात होता तेव्हा मित्रांना बजावायचा, "आमच्याकडे फोन करायचा तर आधी जेवून घ्या रे बाबांनो." लेन अकाली गेला. मूलबाळ नव्हतं. घरात फोन तेवढा राहिला, आणि तो काही आपणहून फारसा वाजेना. तेव्हा रोझलीने रेकॉर्डच्या दुकानातला काउंटर सोडला आणि जिथे फोन दिवसभर वाजतो अशा ठिकाणी, हार्बर रेडिओत, नोकरी धरली.

हे एकोणऐंशी साल. हार्बर रेडिओ म्हणजे आमच्या ईरी शहरात, पीच स्ट्रीटवरच्या टायरच्या दुकानावर चार खोल्या आणि एक खिडकी. खिडकीतून सरोवर दिसतं असं ते स्वतःच्या जाहिरातीत सांगायचे. खिडकीत स्टूल ठेवून त्यावर उभं राहिलं तर दिसतही असेल. रोझलीने दारात बसून फोन घ्यायचे आणि मागच्या खोलीतल्या रेकॉर्डी जागच्या जागी लावायच्या, असं ठरलं होतं. कुठलं गाणं कधी वाजवायचं हे मात्र त्या काळी निवेदक स्वतः ठरवायचे. सकाळचा माणूस त्याच्या मनासारखं वाजवायचा, संध्याकाळचा त्याच्या. आणि दुपारी बारा ते तीन असायचा डेल हार्कनेस.

डेल उंच, जरा पोक काढून चालणारा, घटस्फोट झालेला, आणि मे महिन्यातही पायात बर्फातले बूट घालणारा गृहस्थ होता. आवाज मात्र असा, की त्याने उद्याच्या हवामानाचा अंदाज सांगितला तरी ऐकणाऱ्याला वाटावं, हा मलाच सांगतोय, छत्री घेऊन जा म्हणून. तो काय वाजवेल याचा नेम नसे. एखाद्या रेकॉर्डची अख्खी बाजू लावून द्यायचा आणि खाली कोपऱ्यावरच्या बेकरीत मसालेदार पेपरोनी सॉसेज भरलेले पावाचे गोळे आणायला जायचा.

"अरे, वीस मिनिटं नुसती गिटार कुरकुरतेय," रोझली म्हणायची. "लोक रेडिओ बंद करतील."

"करू देत. आज करतील, उद्या ऐकतील. कुणीतरी ऐकवल्याशिवाय त्यांना कळणार कसं?"

"ते जेवायला बसलेत, डेल. तू काय शाळामास्तर आहेस का?"

"मास्तर असतो तर तुला पहिल्या बाकावर बसवलं असतं. फार बडबडतेस."

रोझलीला डेल आवडायचा. हे आडून आडून सांगण्यात अर्थ नाही, कारण डेल सोडला तर टायरच्या दुकानातल्या माणसांसकट सगळ्यांना ते ठाऊक होतं. रोज तीन तास अख्ख्या गावाशी गप्पा मारणाऱ्या माणसाला दोन हातांवर बसलेल्या बाईच्या मनातलं कळू नये, याला काय म्हणावं? पण पुरुषांचं हे असंच असतं आणि रेडिओतल्या पुरुषांचं तर जास्तच.

एक्याऐंशी साली श्रोत्यांची मोजणी झाली, तेव्हा हार्बर रेडिओ गावात जवळजवळ तळाला निघाला. आमच्यापेक्षा फक्त धार्मिक प्रवचनांचं स्टेशन खाली होतं आणि तेही थोडक्यात. म्हातारा मालक घाबरला. त्याने डॅलसहून लायल बॅनिंग नावाचा सल्लागार आणला. हा माणूस देशभर हिंडून रेडिओवाल्यांना काय वाजवावं ते शिकवायचा. आम्हाला वाटलं होतं, कुणी भपकेबाज शहाणा येईल. आला तो टक्कल पडलेला, मऊ बोलणारा, खोकल्याच्या गोळ्या चघळणारा माणूस. त्याच्या हातात एक पत्र्याची पेटी होती आणि पेटीत रंगीत कार्डं.

एका कार्डावर एक गाणं. लाल कार्ड म्हणजे सध्याचं जोरात चाललेलं, ते दर काही तासांनी परत यायचं. पिवळं म्हणजे नुकतंच आलेलं, हिरवं म्हणजे जुनं आणि लाडकं. निवेदकाने पुढचं कार्ड उचलायचं, ते गाणं वाजवायचं आणि कार्ड मागे सारायचं. एवढंच. मनाचं काही नाही.

"हा पत्त्यांचा डाव आहे," डेल ओरडला, "आणि मला पत्ते पिसायची परवानगी नाही!"

"मिस्टर हार्कनेस," लायल म्हणाला, "माणसं गाडीत बसतात आणि बटण दाबतात. ओळखीचं गाणं लागलं तर थांबतात. नाही लागलं तर पुढचं बटण. त्यात तुमचाही दोष नाही आणि माझाही."

डेलने पहिल्याच आठवड्यात चोरी सुरू केली. नावडतं लाल कार्ड आलं की न वाजवताच गुपचूप मागे सरकवायचं. रोझलीकडे पेटी नीट ठेवायचं काम आलं होतं. ती पाणी आणायच्या निमित्ताने आत जायची आणि ते कार्ड परत पुढे आणून ठेवायची.

"माझी कार्डं कुणीतरी हलवतंय," डेल म्हणायचा.

"उंदीर असतील. खालच्या टायरवाल्याकडे फार झालेत."

"लाल रंग बरोबर ओळखतात हे उंदीर."

"हुशार असतात हो. तुझ्यासारखे हट्टी नसतात."

हा खेळ ती गंमत म्हणून खेळत नव्हती. पेटीतला क्रम मोडणाऱ्याला लायल दोनदा समज द्यायचा आणि तिसऱ्या वेळी निरोप, हे तिला माहीत होतं. सकाळचा माणूस तसाच गेला होता. शिवाय आणखी एक गोष्ट होती आणि ती तिने डेलला कधी सांगितली नाही. घरी बटाटे सोलताना रेडिओवर अनोळखी गाणं लागलं की तिचा स्वतःचा ओला हात आपोआप बटणाकडे जायचा. लायलचं म्हणणं खरं होतं. पुढच्या मोजणीत आम्ही तळातून मध्यावर आलो, त्याच्या पुढच्या मोजणीत आणखी वर. मालकाने सगळ्यांना टर्की वाटल्या.

यादी जसजशी आखडत गेली तसतशी रोझलीची फोनवरची कसरत वाढली. पूर्वी कुणी फर्माईश केली की ती वाजायची. आता यादीत असेल तरच. मग रोझली पेटीतलं पुढचं कार्ड बघून घ्यायची आणि फोनवरच्या पोरीला गोडीगुलाबीने वळवायची. "ते कशाला गं, तेच तेच? त्यांचं दुसरं आहे बघ, तुझ्या बॉयफ्रेंडला जास्त आवडेल. हो ना? मग म्हण की, मला तेच हवंय." पोरगी आनंदाने म्हणायची, तिचा आवाज टेपवर घेतला जायचा, आणि दहा मिनिटांत जे वाजणारच होतं ते तिच्या फर्माइशीवरून वाजायचं. पोरगी खूश, यादी शाबूत. रोझली दुकानात होती तेव्हाही गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवत नसे.

आता मुद्द्याची गोष्ट. त्र्याऐंशी साली लायलने सांगितलं, नुसता अंदाज पुरे, लोकांनाच विचारू या. टेपवर एकामागून एक गाण्यांचे तुकडे भरायचे, प्रत्येक सात सेकंदांचा, गाण्यातला सगळ्यात लक्षात राहणारा. मग गावात फोन लावायचे, टेप फोनच्या तोंडाशी धरायची आणि विचारायचं: ओळखता का? एक ते पाचात किती आवडतं? कंटाळा आलाय का? आकडे डॅलसला पाठवायचे, आणि तिकडून लायल कळवणार, कुठलं गाणं लाल आणि कुठलं बाहेर.

"हे काम रोझलीचं," जनीन म्हणाली. जनीन प्रुइट ही आमची नवी कार्यक्रम प्रमुख. तिशीही न गाठलेली, भराभर बोलणारी, दिवसभर पेल्यातला बर्फ कडाकडा चावणारी मुलगी. "रोझली, तुमच्यासारखा फोनवर गोड आवाज कुणाचा आहे?"

रोझलीला स्वर्ग दोन बोटं उरला. दिवसभर अनोळखी माणसांना फोन करायचे आणि त्याबद्दल पगार! लोक फोन आपटतात म्हणून दुसऱ्या गावच्या, हेच काम करणाऱ्या बायका रडकुंडीला यायच्या. रोझलीचा फोन कुणी आपटलाच नाही. तिकडे कारखान्यांतून माणसं कमी होत होती आणि गावात दुपारची घरी बसलेली माणसं पुष्कळ होती. "तुमची खोकल्याची उबळ थांबली का? बरं, आता हे ऐका. किती देता?" "पाच द्या, बाई." "आणि हे?" "यालाही पाच. बरं, मघाशी तुम्ही कोबीत काय घालता म्हणालात?"

तीन महिने ईरीहून डॅलसला पाचच पाच गेले. लायल चक्रावला. इतकं आनंदी गाव त्याने कधी पाहिलं नव्हतं.

मग चौदा नंबरचं प्रकरण झालं. टेप भरणाऱ्या माणसाने घाईत चौदाव्या जागी एका नव्या बँडच्या गाण्याऐवजी भलताच तुकडा चिकटवला. शब्द नाहीत, नुसती चाल. रोझलीने ऐकला तेव्हा तिलाही ती ओळखीची वाटली आणि ती फोनवरच्या माणसाबरोबर गुणगुणायला लागली. चौदा नंबरला त्या आठवड्यात सगळ्यात जास्त गुण पडले. ओळखता का? सगळे हो. लायलच्या कागदावर चौदापुढे त्या नव्या बँडचं नाव होतं. त्याने कळवलं, लाल कार्ड, ताबडतोब.

मग काय विचारता! ते रटाळ, मरगळलेलं गाणं सकाळ-दुपार-संध्याकाळ वाजायला लागलं. डेल प्रत्येक वेळी माइकवर म्हणायचा, "आणि आता आपल्या सगळ्यांचं अत्यंत लाडकं," आणि बाहेर येऊन भिंतीवर डोकं आपटल्याचं नाटक करायचा. लोक फोन करून विचारायला लागले, गावात कोण मेलंय म्हणून? शेवटी रोझलीने ती टेप फोनवर एका शिक्षिकेला ऐकवली तेव्हा बाई खो खो हसायला लागल्या.

"अहो, हे तर लुडविगच्या गालिच्यांचं! 'आजच या, पाय पुसून या,' ते!"

रोझलीने कपाळावर हात मारला. अख्ख्या गावाने गालिच्याच्या दुकानाच्या जाहिरातीला पाचपैकी पाच दिले होते आणि तिने स्वतः सोबत गाऊन दाद दिली होती.

लायल पुढच्या विमानाने आला. रागावला नाही. रोझलीशेजारी खुर्ची टाकून दुसऱ्या फोनवर तिचं बोलणं नुसता ऐकत बसला. एक बाई आपल्या सुनेबद्दल सांगत होत्या, मधूनच गाण्यांना गुण देत होत्या. फोन संपल्यावर त्याने गोळी तोंडात टाकली.

"मिसेस सोबचाक, मीही तुम्हाला पाच दिले असते," तो म्हणाला. "पण लोक गुण तुम्हाला देतायत. गाण्याला नाही."

त्या दिवसापासून रोझलीला कागदावर छापलेलं तेवढंच वाचायचं होतं. नमस्कार, प्रश्न, आभार. गुडघा नाही, कोबी नाही, सून नाही. तिच्यासाठी ती शिक्षाच होती. पण आकडे लगेच शुद्धीवर आले, आणि त्यांतून एक नवी गोष्ट उमगली. काही गाणी सगळ्यांना ओळखीची होती, आवडायचीही, पण 'कंटाळा आलाय का' याला लोक हो म्हणायचे. लायल म्हणाला, अशी गाणी टाकून द्यायची नाहीत, काही महिने पेटीबाहेर विश्रांतीला ठेवायची. मग परत आणली की लोक जुना मित्र भेटल्यासारखे खूश होतात. आणि तसे ते खरंच व्हायचे.

असं सगळं सुरळीत चाललं असताना पंच्याऐंशीच्या वसंतात जनीनने रोझलीला आत बोलावलं. तोंडात बर्फ नव्हता, तेव्हाच रोझलीला धस्स झालं.

"या वेळच्या टेपवर गाणी नाहीत," जनीन म्हणाली. "डेल आहे. दुपारचे लोक गळतायत, रोझली. मालक म्हणतात, माणूस बदला. लायल म्हणतो, आधी लोकांना विचारा. तेच तीन प्रश्न. आकडे वाईट आले तर मला त्याला घरी पाठवावं लागेल."

"दुसऱ्या कुणाला दे ना गं हे काम."

"दुसरं कोण आहे? आणि कागदावरचं तेवढंच वाचायचं. मागच्यासारखे सगळे पाच आले तर त्याचा उपयोग शून्य. कुणी विश्वासच ठेवणार नाही."

डेलला हे कळलं होतं. तो हसण्यावारी नेत होता, पण दुसऱ्या राज्यातल्या व्हीलिंगच्या एका रेडिओ स्टेशनने त्याला बोलावलं होतं आणि शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. "लोकांना नको असेन तर मीच जातो," तो रोझलीला म्हणाला. "कुणी ढकलून बाहेर काढायच्या आधी."

व्हीलिंग काही चंद्रावर नाही. पण गेलेला माणूस रविवारी परत येतो थोडाच? रोझलीला घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. तिच्या आवाजात एवढी जादू होती की गालिच्याला पाच मिळाले होते. डेलला मिळवून देणं तिच्या हातचा मळ होता. आणि नेमकी तीच गोष्ट करायची नव्हती, कारण केली तर ते आकडे कुणालाच खरे वाटणार नव्हते आणि तो नक्की जाणार.

ती फोनला बसली आणि रेल्वेच्या चौकशी खिडकीतल्या बाईसारखी कोरडी बोलली. "हा आवाज ओळखता का? एक ते पाच? कंटाळा आलाय का, हो किंवा नाही?" डेलचा आवाज सात सेकंद वाजायचा. सगळे ओळखत होते. अगदी लहान पोरंसुद्धा. पण गुण तीन, कधी चार, कधी दोन. आणि कंटाळा? "हो, आता पुरे झालं." "हो हो, तेच तेच बोलतो." एक बाई म्हणाली, "माणूस चांगला असेल हो, पण किती वर्षं?" रोझली खुणा करत गेली. खरं तेच लिहिलं.

पहिल्या दिवसाच्या शेवटी शेवटी वेस्ट ट्वेंटी-सिक्स्थ स्ट्रीटवरच्या एका म्हाताऱ्याने फोन घेतला. मागे भांड्यात काहीतरी उकळत होतं.

"हा आवाज ओळखता का?"

"न ओळखायला काय झालं! हा तो गाणं सुरू झालं तरी बोलत राहणारा प्राणी. माझी बायको हेल्गा रोज दुपारी त्याच्याशी भांडायची. 'अरे मेल्या, गप्प बस, गाणं ऐकू दे!' असं रेडिओला बोट दाखवून. तो गप्प बसेपर्यंत बटाटे सोलणं थांबवायची."

कागदावर यापुढे काही छापलेलं नव्हतं. "एक ते पाच, किती आवडतो?" रोझलीने विचारलं.

"तीन लिहा."

"कंटाळा आलाय का?"

भांड्यावरचं झाकण वाजत होतं. "आलाय," तो म्हणाला. "खरं सांगायचं तर फार आलाय. हो लिहा. हेल्गा मार्चमध्ये गेली. मी अजून बाराला लावतो तो रेडिओ. पण बाई, त्याला काढू नका हं. कंटाळा आलाय, पण काढू नका."

रोझलीच्या तोंडाशी कितीतरी आलं. तिने नियमाप्रमाणे आभार मानले, फोन ठेवला आणि 'हो' वर खूण केली. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

फोन पुरे झाले तसे तिने कागद जनीनच्या टेबलावर ठेवले. निघताना मात्र ती दारात थांबली आणि कागदात न मावणारी ती म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. जनीनने बर्फाचा पेला उचलला होता. तो तसाच खाली ठेवला. मग तिने डॅलसला फोन लावला, आकडे वाचून दाखवले आणि म्हाताऱ्याचं बोलणंही सांगितलं. पलीकडून लायल बराच वेळ बोलत होता. जनीन हं हं करत होती.

"तो विचारतोय," ती रोझलीला म्हणाली, "सगळ्यांना ओळखीचं, बऱ्यापैकी आवडतं आणि कंटाळा आलेलं गाणं असतं तर आपण काय केलं असतं?"

"विश्रांती," रोझली म्हणाली.

"उन्हाळाभर. आत बसून जाहिराती वाचेल, पगार तोच. सप्टेंबर लागला की परत बारा ते तीन. मालकाला लायल पटवणार आहे." मग जनीनचा चेहरा उतरला. "पण डेल ऐकणार नाही. त्याला असं सांगायचं, की लोकांना तुझा कंटाळा आलाय?"

"मी सांगते," रोझली म्हणाली.

तो गुरुवार होता. डेल तीनला सुटून पार्किंगमध्ये आला तेव्हा ती त्याच्या गाडीला टेकून उभी होती. वरती सीगल ओरडत होते, टायरवाल्याचं यंत्र फुसफुसत होतं. तिने काही लपवलं नाही. आकडे सांगितले, विश्रांती सांगितली, सप्टेंबर सांगितला. डेल आपल्या बुटांकडे बघत ऐकत होता.

"किती जणांना कंटाळा आलाय म्हणालीस?"

"निम्म्याहून जास्त."

"बाप रे." तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. "आणि तू ते तसंच लिहिलंस. तुझ्या हातात होतं, रोझली. तू नुसती 'कसे आहात' म्हणाली असतीस तर मला पाच पडले असते."

"पडले असते. मग?"

"मग काय? मला बरं वाटलं असतं!"

"आणि कुणाला खरं वाटलं असतं? जनीनला? तुला तरी?"

डेल बुटाने रेती उकरत राहिला. तेव्हा तिने त्याला म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, बटाट्यांसकट, झाकणासकट. सांगताना ती दोनदा डोळे पुसून टायरवाल्याच्या धुरावर रागावली.

"मग त्याच्या नावापुढे काय खूण केलीस?" डेलने विचारलं.

"कंटाळा. हो."

डेलने मान वर केली. या वेळी हसू आपसूक आलं, डोळे मात्र ओले होते. "दुसऱ्या कुणी ही गोष्ट सांगितली असती ना, तर मी म्हटलं असतं, माझी समजूत काढायला रचलीये. पण अर्ध्या गावाला तुझा वीट आलाय असं तोंडावर सांगणारी बाई हे कशाला रचेल?" त्याने नाक पुसलं. "व्हीलिंगला नाही म्हणून कळवतो."

रोझलीने गाडीच्या टपावर हात टेकला.

"पण रोज दुपारी मी करू काय?" डेल म्हणाला. "बारा वाजले की मला बोलायला लागतं गं. सवय आहे."

"धक्क्यावर जाऊन मासे धर. पर्च लागतायत सध्या."

"एकट्याने तळून खाऊ?"

"शुक्रवारी मी मोकळी असते," रोझली भडाभडा बोलत सुटली. "शनिवारीसुद्धा. रविवारी बहिणीकडे पिरोगी भरायला, उकडायला जाते, पण तिला फोन केला की झालं, ती काही म्हणणार नाही. सोमवारचं बघता येईल."

डेलने तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. "अगं," तो हळूच म्हणाला, "हे इतकी वर्षं..."

"सहा वर्षं तुझ्या नाकासमोर बसलेय, डेल हार्कनेस. आता काय रेडिओवरून जाहीर करायचं होतं?"

डेलने आपल्या गाडीचं दार उघडलं आणि तिच्यासाठी धरून उभा राहिला. रोझलीची स्वतःची गाडी शेजारीच उभी होती. ती तिने तशीच राहू दिली आणि आत बसली.